पाच वाजताचं ताट

उसाची पहिली उचल खात्यावर पडली
की आमच्या ट्रॅव्हल्सचा फोन थांबत नाही.
गेल्या साली काश्मीर झालं, औंदा अंदमान,
लोक असं म्हणतात
जसं म्हणावं, गेल्या साली खोडवा होता, औंदा लागण.

मी सहलीचा आचारी. घर उत्तरेश्वर पेठेत.
विमानतळावर माझीच बॅग उघडायला लावतात:
चार किलो कांदा-लसूण चटणी,
ज्वारीचं पीठ, भडंग, काळा पडलेला तवा,
आणि वेगळ्या पिशवीत, कानाला लाल दोरा बांधलेलं
शिरोळच्या पाटलांचं पातेलं. त्याची पळीही वेगळी.

बाबगोंडा पाटील आणि रत्नाक्का.
कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही,
दिवस मावळला की जेवण नाही.
मी म्हटलं, त्यात काय, साडेपाचला वाढीन.

हॅवलॉकचा पहिला दिवस.
बाकी मंडळी म्हशीगत पाण्यात बसलेली,
आवळे मास्तर भाड्याचा चष्मा लावून मासे मोजत होते,
मोजता मोजता खारं पाणी पीत होते.
मी मूगडाळ चढवली. घड्याळात पावणेपाच.
मागं वळून बघतो
तर सूर्य पाण्याला टेकलेला.

घड्याळ तेच. मनगट तेच.
कोल्हापुरात आत्ता पोरं शाळेतनं सुटली असतील,
रंकाळ्यावर भेळवाल्यानं अजून कांदासुद्धा चिरला नसेल,
आणि इथं उजेड दुकान आवरत होता.
ताट घेऊन वाळूतनं पळालो, चप्पल तिथंच राहिली.
बाबगोंडांनी आभाळाकडं बघितलं,
ताटाला हात जोडले.
"ऱ्हाऊ दे सर्जेराव. आज उपास."
त्या रात्री तीस माणसं माझा रस्सा ओरपत होती
आणि मला मीठ कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासनं चारला शेगडी.

तिसऱ्या दिवशी काचेच्या तळाची बोट.
रत्नाक्का चढेनात.
पोरगा म्हणाला, आज्जी, समुद्र गार आहे, शांत आहे.
बाबगोंडा काही बोलले नाहीत,
नुसते आपण आधी बसले आणि शेजारची फळी पुसली.
मला मागनं कळलं,
याआधी त्या एकदाच बोटीत बसलेल्या,
पाणी आलं त्या साली.
मांडीवर बँकेची पुस्तकं, दागिन्यांचा डबा,
आणि खाली त्यांचीच गल्ली.

बोट निघाली. काचेखाली
निळे मासे, पिवळे मासे, दगडागत दिसणारं
पण जिवंत असलेलं काहीबाही.
सगळे ओरडत होते, फोन काढत होते.
रत्नाक्का खाली वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच.
मग नावाड्याला, त्याला मराठी येत नाही, विचारलं,
"इथं खाली कुणाचं घर न्हाई न्हवं?"
तो हसून म्हणाला, "हां जी, मछली का घर."
त्यांनी मान हलवली.
"तवा असं दिसत न्हवतं," त्या बाबगोंडांना म्हणाल्या,
"नुसतं तांबडं पाणी."

परत येऊन त्या पाण्यात गेल्या.
घोट्यापर्यंत. मग पोटरीपर्यंत.
जरीच्या काठाला वाळू लागली ती तशीच राहू दिली.
मी चार वाजून दहा मिनिटांनी ताट वाढलं,
भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी,
आणि पहिल्यांदाच कुणीतरी
"अजून वाढा" म्हणालं उन्हात.

आता वैशाख. तिकडचा सीझन सरला,
इकडं लग्नाच्या पंक्ती सुरू.
परवा कळंब्याला जिलेबीच्या कढईपुढं उभा होतो,
घाम डोळ्यात, बँडवाले पोचायचे होते,
पावणेपाच वाजले
आणि माझा हात आपोआप मागं गेला, पातेलं शोधायला.

ते माळ्यावर आहे. दोरा सोडलेला नाही.
एकदा धुवायला काढलं, पाणी ओतलं,
तळाशी पांढरी वाळू, चिमूटभर.
बायको म्हणाली, नीट घासलं नाहीत वाटतं.
मी म्हटलं, असू दे,
पाटलांचं आहे, पुढच्या साली विचारून घासू.