टोक

हसुराम भगत, वय एकाहत्तर, नेरूळ गाव.
उजव्या दंडातून नळी घालायची आहे,
सहा आठवडे औषध जायचं आहे आत,
आणि टोक थांबायला हवं हृदयाच्या उंबऱ्यावर.
बोटभरही पुढे नाही.

भिंतीवरची पाटी ते मोठ्यानं वाचतात:
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
"मग माझ्या पोटात काय आहे तेही नका सांगू, बाय."
मी जेल लावते. दचकतात. सगळेच दचकतात.

प्रोब दाबला की शीर मिटते,
काळी, निमूट.
शेजारची धमनी मिटत नाही, ठोके देत राहते
आपल्याच तोऱ्यात.
मिटते ती आपली, एवढंच शिकवलं होतं पहिल्या दिवशी.

सुई म्हणजे पडद्यावर एक पांढरा ठिपका.
मनगट केसभर कललं की ठिपका गायब,
सुई मात्र असतेच आत, कुठेतरी,
माझ्या नजरेवाचून.
तेवढा वेळ मी श्वास घेत नाही.
कलते. शोधते.
आली.

"काय काम करायचात, काका?"
बोलतं ठेवायचं म्हणून विचारते.
"आधी सिडको, मग पालिका. पाणी खातं.
गळती शोधायचो."

रात्री दोननंतर, हायवेचे ट्रक विरळ झाले की
लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर, दुसरं कानाला.
"डांबराखाली पाणी बोलतं.
धड लाइनीतलं एका सुरात,
फुटलेलं फिसफिसतं.
मोरब्याहून एवढं लांब येतं बिचारं
आणि आपल्या दारात येऊन गटारात जातं."

तार गेली. तारेवरून नळी.
प्रोब छातीवर नेते,
सिरिंजमधलं खारं पाणी हलवून फेसाळ करते,
ढकलते,
एक म्हणेपर्यंत उजव्या कप्प्यात ठिणग्या उसळतात,
अंधारात खाडीचं पाणी वल्ह्याला चमकतं तशा.
म्हणजे टोक पोचलं.

"आवाज नाही का याला?"
आहे. मी बंद ठेवते, लोक घाबरतात.
"चालू करा की."

चालू करते. प्रोब थोडा डावीकडे सरकतो, सवयीनं.
नको होता सरकायला.
खोलीभर त्यांचंच रक्त घुमू लागतं.
ते डोळे मिटतात, मान एका बाजूला,
मोकळा हात हवेत, मूठ अर्धी वळलेली,
सळई धरावी तशी.

बाहेर बाकावर मुलगा बसलाय.
मघाशी मला बाजूला घेऊन म्हणाला,
झडपेचं काही बोलू नका,
साधा ताप आहे असं सांगितलंय.

"इथं," ते म्हणतात.
पडद्याकडे बघतही नाहीत. बोट बरगड्यांवर.
"इथं फिसफिसतंय."

रिपोर्ट मोठे डॉक्टर सांगतील,
हे वाक्य मला झोपेतही येतं.
तोंडापर्यंत आलं,
तिथेच राहिलं.
पडद्यावर निळ्यातून पिवळा फवारा उडत होता,
ठोक्याला एक.

"जुनी लाइन आहे," तेच म्हणाले.
"सगळी एकदम खोदायची नसते.
खडूनं खूण करायची,
उद्या परत येऊन कान लावायचा."

मी जेल पुसलं.
नोंद केली: टोक योग्य जागी.
नळीवर पारदर्शक पट्टी, पट्टीवर तारीख.
शर्टाची बटणं लावता लावता
त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज उतरवला.

"पोराला सांगू नका हं, मला कळलं ते.
त्याला झोप लागायची नाही."