खांदा

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, पत्र्याखाली
मी चादर विणते. सूत नाही.
उभे धागे आकडे, आडवे धागे आकडे,
खिडकीतून येणारं ऊनही मीच ठेवलेलं,
पाहिजे तेवढं तापवता येतं.

बाहेर चव्वेचाळीस. शेजारच्या शेडमध्ये माग खडखडतात.
माझ्या उन्हाला घाम येत नाही,
पण ते पडद्यात मावतही नाही.
पांढऱ्या किनारीवर पडलं की मोर जळतो,
आधी तुरा, मग मान,
मग नुसता पांढरा, ज्यात काहीच लिहिलेलं नाही.

तेव्हा मी वक्र वाकवते.
त्याच्या वरच्या वळणाला खांदा म्हणतात.
उजेड कितीही चढो,
खांदा हळूहळू झुकत तो घेत राहतो.
मोर परत येतो. थोडा फिका,
पण डोळ्यासकट.

कोमुरय्या मास्टरांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे.
अडतीस वर्षं ओल्या लडींचा बांबू
हौदातून वर, हौदात खाली.
पिशवीतून ठिबकती लडी काढून
ते माझ्या पडद्याशेजारी धरतात.
"हे एरुपु न्हाई."
लाल म्हणायला त्यांच्याकडे मराठी शब्द आहे,
पण रंगाचं भांडण ते तेलुगूतच करतात.

दर सोमवारी मी पडद्यावर मोजणीयंत्र लावते,
मुठीएवढं, काळं,
डॉक्टरनं छातीवर नळी ठेवावी तसं.
ते सांगतं, निळा वाढलाय. पडदा ऐकतो.
मी एकदा चेष्टेत विचारलं,
"तुम्हाला कोण मोजतं, मास्टर?"
"सकाळचं धा वाजताचं ऊन," ते म्हणाले,
"आन् उत्तरेची भिंत."

दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
काळा चष्मा लावून आले, स्टुलावर बसले,
एक डोळा झाकला, दुसरा झाकला,
पुन्हा पहिला.
"ह्या डाव्यात सगळं चहात बुडवल्यागत.
ह्या उजव्यात…"
आणि समोरच्या पांढऱ्या टॉवेलकडे बघत राहिले,
जणू कुणी त्यात रात्रीतून नीळ टाकली होती.

मग शेडकार्डांचा गठ्ठा काढायला लावला.
सहा वर्षांचे मोरपंखी, जांभळे, शाईचे रंग,
नमुना समोर न ठेवता, आठवणीवर मिसळलेले.
प्रत्येकात निळा चमचाभर जास्त.
मी काही बोलले नाही.
कारण त्या प्रत्येक चादरीच्या फोटोत
निळा मी कमी केला होता.
मला वाटलं, कॅमेरा चुकतोय.
हॅम्बुर्गहून दोनदा तक्रार आली,
आणि आम्ही कॅटलॉगच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं:
प्रत्यक्ष रंगात किंचित फरक असू शकतो.

डावा डोळा आता पुढच्या महिन्यात.
काल ते कुणी नसताना आले, दार लोटून घेतलं.
"ह्याच्यात दिसतंय ते ठिवता येतंय का? काढायच्या आधी?"

उजव्यानं पडदा, डाव्यानं हातातली लडी,
तळहाताचा पडदा इकडून तिकडे सरकवत
ते सांगत गेले, मी पिवळा ओढत गेले.
अजून. अजून जरा. न्हाई, माघारी घे.
चहा आला, गार झाला.
मोराची मान हिरवट झाली,
पांढरी किनार जुन्या कागदासारखी,
एरुपु विटेकडे झुकला,
आणि ते एकदम थांबले.
"हां. हेच. ह्यातच लेकीच्या लग्नाचं बघितलं समदं."

फाइलला नाव दिलं: कोमुरय्या_डावा.
तीन केबी.
पेनड्राइव्हमध्ये घालून दिली.
ती ते कशात लावणार, मला माहीत नाही,
त्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही.
खिशात ठेवून, काळा चष्मा चढवून ते बाहेर पडले,
आणि उंबऱ्याशी थोडा वेळ उभे राहिले,
ऊन मावेपर्यंत.