दोन बाटल्यांचा पट्टा

धोबीतलावच्या दुकानात ती पोरगी विचारते,
"काका, किती मिली?"

मी पालिकेचा चावीवाला.
पाणी मला मिलीत कधी मोजताच आलं नाही.
आमच्याकडे ते मिनिटांत असतं:
खालच्या आळीला चाळीस, टेकडीला पंचवीस,
पहाटे पावणेचारला, चावीचे बावीस आटे.

पहिला पट्टा बांधला. म्हटलं, भरून दे.
तिने स्वतःच्याच बाटलीतलं ओतलं.
सिग्नलपर्यंत धावून आलो, चपलांवरच.
पट्टा वर सरकला, बाटली माकडहाडावर
उधारी मागायला आल्यासारखी ठोकत राहिली.
शेजारचा घड्याळवाला हसला. हसू दे.

दुसरा रुंद, वेल्क्रोचा.
बायकोचा बाळंतपणातला पट्टा आठवला. काढला.

तिसऱ्याला दोन छोट्या बाटल्या, तिरक्या.
डुचमळतात, पण पावलाबरोबर.
"एकच मोठी घ्या ना, स्वस्त पडेल."

तिला काय सांगू.
मागच्या रविवारी शीवहून निघालो, मोठी बाटली हातात,
आणि वरळीलाच संपवली,
खालच्या आळीने मोटर लावून ओढावं तशी.
चौदाव्या किलोमीटरला, पेडर रोडच्या चढावर,
मी टेकडीवरच्या नळासारखा
नुसता सूं सूं वाजत होतो.
वरच्या यल्लूबाई मला रोज शिव्या घालतात.
त्या दिवशी त्यातला शब्द न् शब्द कळला.

दोनवालाच दे.
डावी बाटली खालच्या आळीची.
उजवी चौदाव्यापर्यंत बंद,
कुणी कितीही हंडे वाजवले तरी.