मोरचुदाचा थेंब

"टेबल गंजलं," चांगुणा तांडेल फोनवर म्हणाली.
"स्टेनलेस म्हणून पैसे घेतलेस. ये आणि बघ."

खारदांड्याला गेलो. मासळी कापायची चार टेबलं,
माझ्याच हातची, दारूखान्याच्या गाळ्यात वेल्ड केलेली.
पत्र्यावर तपकिरी ओघळ,
कुणी पहाटे चहा सांडून पुसायचा विसरल्यासारखे.

खाली वाकलो. जिथे मासळी लागत नाही
त्या आडव्या पट्टीवर
मोरचुदाचा एक निळा थेंब ठेवला
आणि घड्याळाकडे बघत बसलो. सहा मिनिटं.
ती सुरी पुसत उभी. मांजर माझ्या पिशवीत डोकावून आलं.
थेंबाच्या पोटात गुलाबी उमटलं, मग तांबूस.

"मावशी, हे टेबल गंजलेलं नाही.
त्याच्या अंगावर दुसऱ्याचं लोखंड बसलंय.
माझ्या शेजारी काळ्या लोखंडाची ग्रिलं कापतात,
ठिणगी उडते, कुठेही बसते.
वर तुझी तारेची घासणी."
"म्हणजे चूक माझी?"
"पाव. बाकीची माझी."

इस्माईल मुकादम असते तर नायट्रिकच लावलं असतं.
चाचांकडेच शिकलो मी: निळं पिंप, पिवळा धूर,
बोटं कायम हळद लागल्यासारखी,
लग्नघर नसताना, आणि न धुतली जाणारी.
रात्री पिंप गटारात रिकामं व्हायचं, गटार खाडीत.
रविवारी त्याच खाडीतले निवटे चाचा आवडीनं खायचे.
"चमकवायचं तर आधी जाळावं लागतं," म्हणायचे.

ते खरं नव्हतं. मला कळेपर्यंत
चाचांना खोकल्याशिवाय वाक्य पुरं करता येईना.
पोलादातलं क्रोमियम हवेशी बोलतं
आणि आपलं आपण एक कातडं विणतं,
केसाचे हजार पदर काढले
तरी एकेक पदर त्याहून जाड भरेल.
ओरखडा आला तर पुन्हा विणतं.
आपण परकं लोखंड काढायचं, मीठ काढायचं,
आणि बाजूला व्हायचं.

मी पुडा फोडला. लिंबूसत्व. हलवाई वापरतो तेच.
तिच्या शेगडीवर पाणी तापवलं, पूड विरघळवली,
जुन्या लुगड्याचे तुकडे त्यात भिजवून
टेबलांवर अंथरले, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसे.
गार होतील तसे बदलत राहिलो.
तासभर.
"एवढंच?" ती म्हणाली. "माझी सासू चिंचेनं घागरी घासायची.
तिला कुणी बिल नाही लावू दिलं."

मग खायचा सोडा. मग मी म्हणालो,
"आता गोड्या पाण्यानं धू. रोज, विक्री उरकली की.
समुद्राचं पाणी नको. ब्लीचिंगचं तर नकोच."

ती काहीच बोलली नाही.
मग नळाकडे हात केला, सुक्या नळाकडे.
"पाचला येतं, पावणेसहाला जातं.
पत्र्याला गोडं पाणी देऊ, आणि नातवंडांना काय,
तुझं लिंबू?"

मला उत्तर नव्हतं. गाळ्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या
कंपनीच्या तक्त्यात तापमान आहे, मिनिटं आहेत,
नळाच्या वेळा नाहीत.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, बिल मागायला नाही,
म्हणजे मागायलाच.
बँकेच्या मागच्या भिंतीला सात एसी.
प्रत्येक नळीखाली एकेक बादली,
वॉचमनची खुर्ची दोन हात सरकवलेली.
टप. टप. हवेतून पिळलेलं पाणी,
त्यात मीठ नाही, क्लोरीन नाही, मालक नाही.

चांगुणानं एक बादली टेबलावर ओतली.
पाण्याचे थेंब झाले नाहीत.
एक अखंड पापुद्रा, काठापर्यंत गेलेला,
त्यात आभाळ आणि एका बोंबलाचं शेपूट.

चौथ्या टेबलाच्या कोपऱ्यात चहा अजून होता.
"तेवढा राहिला," मी म्हणालो.
"दिसतोय मला."
"घासणी टाकलीस ना?"
"टाकते कशाला? कालवं काय तुझ्या लिंबानं घासू?"