यजमान

हेळवाकपासून वर दोन तास, पायी.
खांद्यावर चाळीस पिंजरे, पत्र्याचे, घडीचे;
चालताना भांडीवाल्यासारखा वाजतो मी.
पद : कीटक समाहारक.
आई गावात सांगते, साताऱ्याला सायब हाय.

आमिषाला सुकट आणि शेंगदाण्याचं कूट.
गुरं पाण्याला उतरतात त्या वाटेनं
तिन्हीसांजेला कारवीत लावून ठेवायचे,
दव असतानाच उचलायचे.
चाळिसात सहा. बरे म्हणायचे.

एकेकाला गुंगीच्या बरणीतून पांढऱ्या ट्रेवर,
मग दाढीच्या ब्रशनं उलटं विंचरायचं.
कानाच्या कडेला बसलेल्या असतात गोचिड्या,
खसखशीएवढ्या,
भिंगाखाली धरल्याशिवाय पाय मोजता येत नाहीत.
उंदीर झोपेत मिशा हलवतो.
धडधाकट आहे.
त्याच्या रक्तात ताप निमूट बसलेला असतो म्हणे,
गाडीची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा.

ठकूबाई येडगे ट्रेपाशी येऊन उकिडवी बसली.
"ह्यो?
मी म्हनलं, कायतरी मोठं आसंल."

बराच वेळ बघत होती.
"ह्येला न्हाई येत ताप?"
"नाही."
"का?"

उत्तर होतं माझ्याकडं, प्रशिक्षणातलं :
पिढ्यान्‌पिढ्या एकाच बिळात राहून
दोघांना एकमेकांची सवय झालेली असते.
तिच्यापुढं ते तोंडातून निघेना.
मागच्या शिमग्यानंतर तिचा माणूस
वासरू हुडकायला याच कारवीत शिरला होता,
आठव्या दिवशी डोलीतून खाली नेला.

आशाताई वनमाला फॉर्म मोठ्यानं वाचत होती.
अनुक्रमांक. दिनांक. ठिकाण.
यजमान?

ठकूबाईनं पदर पुढं ओढला,
मान दरीकडं वळवली.
"त्येंचं नाव माज्याच तोंडानं घ्याया लावता व्हय?"
दाराआडून नातू ओरडला, "धाकू! धाकू बिरू येडगे!"

मी तोवर लिहून बसलो होतो :
रानउंदीर, नर, ऐंशी ग्रॅम.

रकाना एकच.
खोडायचं तरी काय?
समासात पेन्सिलीनं, बारीक, धाकूचं नाव घातलं.
ऑफिसात विचारलं तर म्हणेन, चुकून.

उंदीर शुद्धीवर आला, दोनदा कलंडला,
आणि आल्या वाटेनं कारवीत गेला.
ठकूबाईच्या हाताशी दगड होता. तिनं उचलला नाही.

पिंजरे बांधून निघालो
तशी ती मागून आली, म्हणाली, "थांबा जरा,"
आणि माझ्या कॉलरवरनं काहीतरी
नखानं अलगद उचलून
तळहातावर पुढं धरलं.
"ह्ये बी लिवा."