रद्द आणि रद्दी

तळघरात जी भिंत झिरपते
तिच्यापासून हातभर लांब
व्हर्ना ट्रेझाइझनं कपाटं ओढून ठेवली होती,
एकटीनं, अडुसष्टाव्या वर्षी, कमरेला पट्टा बांधून.
तिच्या जागी मी आलो तेव्हा टेबलावर काउंटीचं पत्र:
कालबाह्य ग्रंथ महिनाअखेर निकालात काढावेत.

कायद्याच्या जाड पुस्तकांना मागच्या पुठ्ठ्यात खिसा असतो.
दर जानेवारीत त्यात नवी पुरवणी सरकवायची,
जुनी काढून फेकायची.
व्हर्नानं एकही फेकली नाही.
सफरचंदांची खोकी, सुतळी, वर खडूनं साल.
एकोणपन्नासचा कोपरा उंदरांनी वाचलेला.

मी खोकी मोजली. ट्रकचा दर विचारला.

बुधवारी हिल्या कान्तोला आली,
ब्रेडच्या पिशवीत कागद घेऊन.
मोंटानातल्या या गावात खाण बंद पडली
तरी खोकला अजून ऐकू येतो जिन्यावर;
तिचा नव्हता, तिच्या बोलण्यात होता.
"वकील म्हणतो, आता तसा कायदाच नाही."
मग थांबून:
"आताचं कोण विचारतंय?
यालमारी शेवटचा खाली उतरला तो अठ्ठावन्नच्या मार्चात.
त्या मार्चात काय लिहिलं होतं?"

संगणकानं मला आजचा कायदा दाखवला,
नुकत्याच विसळलेल्या बशीसारखा लख्ख.
काल त्यात कुणाला काय वाढलं होतं
त्याचा ओघळसुद्धा नाही.

सुतळीची गाठ सुटेना, दातांनी सोडवली.
अठ्ठावन्नची पुरवणी, वहीएवढी, पिवळी,
आणि तिच्यात एक अर्धं वाक्य
धुळीनं भरलेल्या छातीबद्दल, मागे राहिलेल्या बायकोबद्दल.
समासात पेन्सिल, व्हर्नाच्याही आधीच्या कुणाची:
*पुढच्या वर्षी हे नसेल.*

एकोणसाठची काढली. नव्हतं.

हिल्यानं शब्दाखाली बोट ठेवत ठेवत वाचलं,
दुकानदाराची बेरीज तपासावी तसं.
मग चष्मा काढला आणि एवढंच म्हणाली,
"म्हणजे होतं."

दोन पानांच्या प्रतींचे तीस सेंट तिनं मोजून दिले.
नको म्हटलं तर रागावली.
पुढे काय झालं मला ठाऊक नाही.
वकील ग्रंथपालाला कळवत नाहीत,
आणि अर्धं वाक्य कोर्टात कितपत उभं राहतं
ते मी कोण सांगणार.

पण त्या रात्री पत्राला उत्तर लिहायला बसलो
आणि एका शब्दाशी अडलो.
रद्द झालेलं ते रद्दी नव्हे:
मध्ये एक वेलांटी आहे,
आणि कुणीतरी ती द्यायचं नाकारत
तीस वर्षं या ओलीत बसलं होतं.
काउंटीला हे कसं लिहावं?
"मोजदाद चालू आहे," असं लिहिलं.
खोटंही नव्हतं.

जानेवारीत नव्या पुरवण्या आल्या.
जुन्या उपसून मांडीवर घेतल्या,
अजून शाईचा वास होता, एक वर्षाचं वय.
संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो
रिकामं खोकं मागायला.
सफरचंदांचं नव्हतं.
केळ्यांचं मिळालं.