त्रैराशिक

पळासनेर ओलांडलं की डिझेलचा भाव बदलतो
हे आमच्या शिरपुरात शेंबडं पोरही सांगेल.
टाकी कुठे भरायची, कुठे अर्धी ठेवायची
हे रोहिदास मला विचारून ठरवतो.
गाडी त्याच्याकडे,
वही माझ्याकडे.

मार्चात हिलाल गुरुजी आले,
हातातल्या कागदावर मधोमध रेघ:
डावीकडे नेपाळ, उजवीकडे भूतान.
किलोमीटर, टोल, मुक्काम, गाडीचा परवाना,
सगळं शाईनं, आकडे गोल गोल.
लीलाबाईंना भूतान हवं होतं.
"तठे त्यास्ना रुपया न् आपला रुपया बराबर.
कोन्ही कोनले वाकानी गरज नही."
गुरुजी म्हणाले, अगं, नेपाळात शंभराचे एकशे साठ होतात!
आणि असे हसले, जणू
सरहद्दीवर कोणी त्यांचं पेन्शन वाढवून देणार होतं.
भूतानवर काट मारली. पट्टी लावून.

ड्रायव्हरचा भत्ता, रोज चारशे,
तोही कागदावर होता.
शेवटून दुसरा. पंक्चरच्या वर.

अठरा दिवसांनी गाडी आली,
सीटखाली संत्र्याच्या साली,
रोहिदासच्या ओठांना थंडीच्या चिरा.
म्हणाला, तिकडे पंपावरचा आकडा बघून छाती धडधडते,
एक पूर्णांक सहानं भागला की शांत होते.
म्हणाला, भाताचं ताट तीनशे,
भागलं तरी आपल्या खानावळीपेक्षा महाग.
दुकानदार आधी विचारायचा, आयसी की एनसी?
आयसी म्हणजे आपला. तोच त्याला हवा असायचा,
पण पाचशेची नोट उलटसुलट करून परत द्यायचा.

रात्री मी वही घेऊन बसले.
बारा दिवसांचा भत्ता आपल्या नोटांत,
चार हजार आठशे.
सहा दिवसांचा तिकडच्या नोटांत.
किती दिले?
चारशे रोज. चोवीसशे.
मोजून घेतलेस?
गुरुजींनी मोजून दिले. त्यांच्यापुढे मी काय मोजू?

मी गॅस बंद केला.
एकशे साठाला शंभर,
तर चोवीसशेला किती?
हे मला सातवीत याच गुरुजींनी शिकवलं होतं.
वरचं, खालचं, मग तिरपं.
तिरप्यात चूक होते, पोरी, तिथं सावकाश जा.
पंधराशे आले.
पुन्हा केलं, सावकाश.
पंधराशेच.
नऊशे रुपये सोनौलीच्या फाटकात गळाले होते
आणि पडल्याचा आवाजही झाला नव्हता.

रोहिदास म्हणाला, जाऊ दे, म्हातारा माणूस,
घाई होती, मागचे हॉर्न मारत होते.
मी म्हटलं, पंपवाल्यानं विचारलं, ताटवाल्यानं विचारलं,
कुठला रुपया.
तूच एकटा, न विचारता खिशात घालणारा.

सकाळी गुरुजींच्या ओट्यावर गेले.
लीलाबाई खाटेवर कुरडया घालत होत्या.
गुरुजी, एक उदाहरण सोडवलंय. तपासता का?
त्यांना बरं वाटलं. चष्मा लावला.
लाल पेन अजून खिशातच असतं त्यांच्या.
पहिली ओळ, दुसरी ओळ, तिरपं.
बरोबरची खूण केली, मोठी, पानभर,
खाली सवयीनं सहीसुद्धा.
मग पेन तिथंच थांबलं.
मग त्यांनी वर जाऊन तारखा वाचल्या,
रोहिदासचं नाव वाचलं,
आणि काही न बोलता आत गेले.
कपाटाची किल्ली बराच वेळ लागत नव्हती.

लीलाबाईंनी साच्यात चीक भरला,
मान वर न करता म्हणाल्या,
"मी सांगेल व्हतं, भूतानले जाऊत."